डाळ्याची आगाऊ हजेरी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. कृषी केंद्रवाल्या अर्जुनरावांनी डायरी फुकट दिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कीटकनाशकाची जाहिरात आणि एक मेलेली अळी छापली आहे. चहा पिता पिता अळी बघावी लागते. शिसारी येते. कागद मात्र चांगला आहे.

रोजनिशीचं कारण असं. समता काल दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला नागपूरला गेली आणि जाताना कुत्र्याचं पिल्लू आमच्या गळ्यात बांधून गेली. मेहकरच्या बसस्टँडवर सापडलं म्हणे. मी म्हटलं, सापडलेली वस्तू कंट्रोलरच्या खिडकीत जमा करतात. पोरगी नुसती हसली. फुटाण्याच्या डाळ्यासारखा रंग म्हणून नाव ठेवलंय डाळ्या. मी नाव घेणार नाही. या डायरीत त्याचा उल्लेख 'सदर प्राणी' असा राहील.

सदर प्राणी आल्यापासून तीन वेळा ओट्यावर मुतला आहे. लाळ गळते. ती लाळ घेऊन तो माणसाकडे प्रेमाने येतो, हे सर्वात वाईट.

ठराव: सदर प्राणी घरात येणार नाही. मी त्याला हात लावणार नाही. तरीही शिस्त अशी लावीन की आमच्या जानेफळ गावात उदाहरण म्हणून सांगतील.

मेहकरच्या डॉ. छाया मॅडमने जंताचं औषध पाजून कार्ड करून दिलं आहे. पहिली लस १० तारखेला. ते कार्ड समताने आईला दिलं नाही, मला दिलं. म्हणाली, बाबा, तुमचं काम पक्कं असते, रोज रात्री आठले तुमच्याच फोनवर फोन करत जाईन. बेबी म्हणजे माझी पत्नी, ती बाजूलाच उभी होती. तिला वाईट वाटलं असेल. पण एकतीस वर्षं खामगावच्या कापूस जिनिंगमध्ये टाइमकीपर होतो. पक्कं असणारच.

५ फेब्रुवारी, बुधवार

चप्पल खाल्ली. डावी. अंगठा धरून ठेवणारा पट्टाच खाल्ला, म्हणजे माणूस कायमचा घरी बसावा असा हेतू दिसतो. शिवून आणली.

रात्री सदर प्राणी बाहेर रडत होता. बेबीने आत घेतलं. मी ठरावाची आठवण करून दिली. ती म्हणाली, ठराव तुमचा आहे, थंडी त्याले वाजून राह्यली. सकाळी उठलो तर पायाशी ऊब. पाहतो तर हेच. पाय धुतले. दोनदा.

आठला समताचा फोन. सगळं नियमित आहे म्हणून सांगितलं. चपलेबद्दल बोललो नाही. तिचा अभ्यास असतो.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपार

लोकांना काम आधी करायची घाई असते, नोंद मागून. त्यामुळे नोंद अर्धवट राहते. आमच्या जिनिंगमध्ये मी सोमवारची हजेरी शनिवारीच भरून ठेवत असे. माणूस येतोच. येऊन कुठे जाणार? एकतीस वर्षांत माझं मस्टर एकदाही अपुरं नव्हतं. एकदा फक्त एक हमाल रविवारी वारला आणि पुढचे चार दिवस मस्टरवर हजर होता. त्यावरून मालकाने तमाशा केला. पण तो न कळवता वारला, यात माझी काय चूक?

तर १० तारखेची लसीची नोंद आज करून टाकली. तारीख, लसीचं नाव, पुढची तारीख. अक्षर फार सुंदर आलं आहे. सहीच्या जागी सही केली, अवाचनीय. डॉक्टरांची अशीच असते. आता नुसतं जाऊन टोचून आणायचं बाकी. म्हणजे मुख्य काम झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज लस. सकाळी आठला निघायचं होतं. कंबर धरली. शिवाय मेहकरची काळीपिवळी जीप म्हणजे बारा माणसं, दोन बकऱ्या आणि पुढे बसलेल्याच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा. त्यात हा लाळगळू मांडीवर. उद्या जाऊ. एका दिवसाने व्हायरस काही कॅलेंडर घेऊन बसत नाही.

संध्याकाळ. कार्डावर एक चौकट रिकामी दिसते. तिथे लसीच्या बाटलीचा स्टिकर लावतात म्हणे. रिकामी चौकट मला बघवत नाही, हा माझा स्वभाव आहे. बेबीच्या भाचीने सफरचंदं आणली होती. प्रत्येकावर गोल, चकचकीत स्टिकर. एक लावून पाहिला. चौकटीत बरोबर बसला. उद्या खरा मिळाला की याच्यावर चिकटवू.

आठला समताने विचारलं, बाबा, टोचलं का? कार्डाचा फोटो पाठवला. तिने लाल बदाम पाठवले, अकरा. बेबी म्हणाली, कधी नेऊन आणलं? मी म्हटलं, तू बचत गटाच्या मीटिंगला होतीस तेव्हा. ती म्हणाली, मीटिंग तं बिस्तरवारी असते, आज सोमवार हाय. तिचं हे असंच आहे. विषय सोडून बोलते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारच्या उकंडरावांनी शेतराखणीला दोन पिल्लं आणली आहेत. रोही आणि डुकरं तुरीत शिरतात म्हणून. त्यातलं काळं पिल्लू कालपासून ओकत आहे. उकंडराव आले. म्हणाले, इंद्रभानभाऊ, तुमच्या घरी कार्डवालं कुत्रं हाय, तुमाले समजते, पाहा न जरा.

नाकाला रुमाल लावून गेलो. गोठ्यात वास असा की दुपारचं जेवण वर आलं. पिवळा फेस, माश्या, आणि ते जनावर त्यातच बसलेलं. मी दुरून निदान केलं, जंत. उपाय, ताकात हळद. उकंडराव म्हणाले, मेहकरले नेऊ का? मी म्हटलं, दोन दिवस ताकाला द्या, मग बघू. हाव म्हणाले. लोकांना निर्णय घेणारा माणूस लागतो.

लसीसाठी उद्या नक्की.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी १०

काळं पिल्लू गेलं. उकंडरावांकडे भेटून आलो. माणसासारखं भेटायला जायचं नसतं हे कळतं, पण ते ओट्यावर डोकं धरून बसले होते. गोठ्यात रक्ताचं पातळ सगळीकडे. असा घाण वास मी आयुष्यात घेतला नाही, आणि मी सरकीच्या ढेपेत एकतीस वर्षं काढली आहेत. मी म्हटलं, तुम्ही ताक उशिरा दिलं असेल. ते उठले आणि दुसरं पिल्लू पोत्यात घेऊन मेहकरच्या गाडीला गेले.

घरी येऊन चपला अंगणात काढल्या. सदर प्राण्याने दोन्ही चपला चाटून काढल्या. तळव्यासकट. आयत्या स्वच्छ होत होत्या म्हणून मी हाकललं नाही.

सायंकाळी ५. उकंडराव परत आले. दुसऱ्या पिल्लाला डॉ. छायाने सलाईन लावलं. रोगाचं नाव पार्वो. व्हायरस आहे. जंत नाही. लसीशिवायच्या पिल्लाला झाला तर दोन-चार दिवसांत आटोपतं, गोठ्यात महिनोन्महिने जिवंत राहतो, आणि चपलेवर बसून दुसऱ्याच्या घरी जातो. उकंडराव मला म्हणाले, तुमच्या डाळ्याले टोचलेलं हाय म्हणून बरं झालं भाऊ, मले तं तुमचीच चिंता लागली होती.

मी हाव म्हणालो. ते ताकाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर उत्तर तयार होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विहारात वंदना. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला मला ठसका लागला. खोटं न बोलण्याचं ते. अगरबत्तीचा धूर फार होता. बेबी माझ्याकडे पाहत होती.

अकराला मेहकरला डॉ. छायाला फोन केला. नाव सांगितलं निवृत्ती. म्हटलं, माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे. त्याच्या पिल्लाने पार्वोवाल्या घरच्या चपला चाटल्या आणि पिल्लाची लस कागदोपत्री झाली आहे, प्रत्यक्षात बाकी आहे. मॅडम म्हणाल्या, मित्राले सांगा, आजच्या आज घेऊन या. पाटीत आणा, खाली जमिनीवर सोडू नका. अजून लक्षण नसंन तर टोचून टाकू. व्हायरस आधीच आत गेला असंन तर लशीचा भरवसा देत नाही, पण आज टोचणं हे न टोचण्यापेक्षा बरं. दुसऱ्या कुत्र्यांपासून वेगळं ठेवा. चौदा दिवस नजर ठेवा. खाणं सोडलं, मलूल पडलं, ओकलं, पातळ झालं, यातलं एकही दिसलं तर लगेच निघा, सकाळ होऊ द्यायची नाही. ताक, हळद, काढा, काही पाजायचं नाही. फिनाईलनं हा व्हायरस मरत नाही, ब्लीचिंग पावडरचं पाणी करून दहा मिनिटं ओलं राहू द्या. चपला बाहेर. माणसाले होत नाही, मित्राले म्हणा घाबरू नको.

सगळं व्यवस्थित लिहून घेतलं. वरील मजकूर वाचून समाधान वाटलं. माहिती पूर्ण आहे, म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

आज रविवार. उद्या पहिल्या गाडीने. तोपर्यंत अंगण फिनाईलने धुतलं. मॅडम नको म्हणाल्या खऱ्या, पण घरात पाच लिटरचा कॅन आहे. आणि वासावरून वाटतं की मरत असणार. मला स्वतःला मेल्यासारखं झालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाटीत घालून स्टँडवर गेलो. काळीपिवळीत शिरत होतो तोच ड्रायव्हरने माझ्या अंगावरून वाकून बाहेर पिचकारी टाकली. एक थेंब माझ्या कॉलरवर. लाल. कोमट. मी तिथूनच परत फिरलो. सदर प्राण्याला घेऊन बसण्यासारखं वातावरण नव्हतं. शर्ट तीनदा धुतला.

पण दिवस वाया घालवला नाही. निरीक्षण तक्ता केला. आजपासून २८ तारखेपर्यंत. रकाने: खाल्लं, पाणी प्यालं, खेळला, संडास. पट्टी घेऊन रेघा मारल्या. पेन चांगलं चालत होतं म्हणून २८ पर्यंत सगळे रकाने भरूनच टाकले. खाल्लं. प्यालं. खेळला. घट्ट. असा तक्ता भिंतीवर लावला की मनाला शांतता येते.

आठला समताला तक्त्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुमच्यासारखं कोणाचेच बाबा करत नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खाल्लं नाही.

तक्त्याप्रमाणे आज खाल्लेलं आहे. भाकरी दुधात कुस्करून समोर ठेवली. वास घेतला, तोंड फिरवलं, भिंतीकडे जाऊन पडला. मी तक्ता पुन्हा पाहिला. १९, खाल्लं. स्पष्ट लिहिलं आहे.

हवा बदलली आहे. मलाही आज भूक नाही. दुपारी चप्पल मुद्दाम जवळ ठेवून पाहिली. न खाल्लेली, उजवी. बघितली नाही. मी चप्पल हलवून दाखवली. शेपूट एकदा हलली, आपली समजूत काढायला हलवतात तशी.

बेबी म्हणाली, याचं काईतरी बिघडलं हाय, डॉक्टरीणबाईले फोन लावा. मी म्हटलं, लस झालेली आहे. ती म्हणाली, झाली न? मी म्हटलं, कार्डावर आहे. ती म्हणाली, कार्डाले नाही विचारून राह्यली, तुमाले विचारून राह्यली. मी म्हटलं, उद्या सकाळी बघू.

आठला समताला तक्ता वाचून दाखवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ६

ओकला. चार वेळा. पांढरा फेस, मग पिवळा. मग दुसरं.

तो वास. उकंडरावांच्या गोठ्यातला. माझ्या घरात, माझ्या पलंगाखाली. गंजलेलं लोखंड आणि सडलेलं मांस. मी भिंतीला टेकून स्वतः ओकलो. बेबी सगळं पुसत होती. मला म्हणाली, तुमचं झालं असंन तर शर्ट घाला.

दुपारी ३, मेहकर, दवाखान्याच्या बाकावर बसून.

जे घडलं ते क्रमाने लिहितो. डायरी खिशात होती.

उकंडरावांनी गाडी जुंपायला वेळ लागेल म्हणून भाच्याचा टेम्पो मागून आणला. स्वतः सोबत आले. बेबीने त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. खालून वाहत होतं. मला मागे उभं राहावं लागलं. वारा माझ्याकडेच होता.

डॉ. छायाने पाहिलं, ताप घेतला, विचारलं, लस? बेबीने माझ्याकडे पाहिलं. उकंडरावांनी अभिमानाने सांगितलं, टोचलेलं हाय मॅडम, कार्डवालं कुत्रं हाय. मी कार्ड दिलं. हात आपोआप पुढे गेला. एकतीस वर्षांची सवय.

मॅडम म्हणाल्या, लस झालेली असंन तर पार्वो नसंन, काही विषारी खाल्लं का? त्या दुसऱ्या औषधाकडे वळल्या. इथे मी बोलायला हवं होतं. मी ठरवलं की पाचपर्यंत मोजून बोलतो. चारपर्यंत आलो. तेवढ्यात त्यांनी कार्ड परत उचललं, खिडकीपाशी उजेडात नेलं आणि चष्मा वर केला.

म्हणाल्या, काका, हा स्टिकर सफरचंदाचा आहे.

पिल्लू कण्हत होतं. मॅडम म्हणाल्या, सफरचंदाले पार्वोची लस देत नाहीत माझ्या माहितीत. मी म्हटलं, तात्पुरता लावला होता. त्यांनी कान देऊन माझा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, निवृत्तीकाका का तुम्ही?

बेबी हळूच म्हणाली, आता ठसका नाही लागला का तुमाले?

सगळ्यात वाईट उकंडराव होते. ते माझ्याकडे बघेनात. कोपऱ्यात जाऊन भिंतीवरचा गाईच्या जातींचा तक्ता वाचू लागले.

मग पट्टीवर चाचणी. दोन रेघा. पार्वो. मॅडम म्हणाल्या, चार दिवस आधी आणलं असतं तर निदान आशा जास्त राहिली असती. व्हायरसवर औषध नाही. शरीरातलं पाणी जाऊ द्यायचं नाही, उलटी थांबवायची, दुसरा जंतू शिरू द्यायचा नाही, बाकी त्याचं अंग लढेल. वाचंल का नाही, सांगत नाही.

आत्ता सलाईन चालू आहे. पाय हलला की सुई निघते. कोणीतरी पाय धरून बसायला हवं. बेबीला पाठीचा त्रास. म्हणून मी. माझ्या पँटीवर रक्ताचं पातळ पडलं आहे. गरम. इथे नळ आहे, पण हात सोडता येत नाही. नियम आहे. डाव्या हाताने लिहीत आहे, म्हणून अक्षर असं.

रात्री ८. समताचा फोन आला. बेबीने माझ्या हातातून घेतला आणि सगळं सांगितलं. सगळं. सफरचंदासकट. मग मला दिला. मी म्हटलं, तक्त्यामध्ये तशी नोंद नव्हती. फोन बंद झाला. नागपूरला रेंजचा प्रॉब्लेम असतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सलाईन. सहा तास. ओकणं चालूच. माझ्या मनगटावर ओकला. मनगट तिथेच ठेवलं.

उकंडरावांचं दुसरं पिल्लू याच खोलीत आहे, पलीकडच्या पिंजऱ्यात. ते आज उठून बसलं. त्याला वेळेवर आणलं होतं. तेव्हा माझा सल्ला कोणी विचारला नव्हता.

घरी ग्रामपंचायतीतून ब्लीचिंग पावडर आणली. मी स्वतः फरशी, अंगण, ओटा, चपला, पाटी. डोळ्यांतून पाणी. ब्लीचिंगचं. फिनाईलचा कॅन बेबीने माझ्यासमोर मोरीत ओतला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डोळे उघडत नाही. नाक कोरडं. पोटात चमक आली की पाय ताणतो, मग सैल पडतो. सैल पडला की मी मॅडमला हाक मारतो. आज सात वेळा मारली. सातव्यांदा त्या म्हणाल्या, काका, जिवंत आहे, तुमी पाणी प्या.

काळ्या पिल्लालाही असंच झालं असेल, दोन दिवस, हळदीचं ताक पीत. मी उकंडरावांना काही म्हणालो नाही. काय म्हणणार? सोमवारी म्हणू.

घरी येऊन भिंतीवरचा तक्ता बघितला. २२, खेळला. काढून फाडला. फाडताना कागदाचा आवाज फार मोठा झाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

विहारात गेलो नाही. दवाखान्यात. सकाळी ओकला नाही. दुपारी ओकला नाही. लिहायला भीती वाटते, म्हणून घड्याळ पाहून, झाल्यावर लिहीत आहे. ५ वाजून १० मिनिटं, ओकला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाणी चाटलं. माझ्या बोटावरून. जीभ खरखरीत, गरम, चिकट. घाण वाटली. पुन्हा बोट बुडवलं.

उकंडरावांना आज म्हणायचं होतं. ते त्यांचं पिल्लू घ्यायला आले. मी म्हटलं, उकंडराव, ते ताकाचं. ते म्हणाले, जाऊ द्या भाऊ, तुमचं पोट्टं वाचून राह्यलं न, बस झालं. मी आणखी दोन वाक्यं तयार करून आणली होती. ती तशीच राहिली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

एक चमचा पातळ भात. राहिला पोटात. मॅडम म्हणाल्या, आता घरी न्या. अजून काही आठवडे गावातल्या कुत्र्यांजवळ सोडायचं नाही, संडासवाटे व्हायरस पडत राहते. पूर्ण बरा झाल्यावर टोचायचं, आणि स्टिकर मी लावीन.

नवीन कार्ड दिलं. कोरं. मला नाही, बेबीला.

समता शनिवारी येते म्हणे. बेबीला कळवलं तिने.

१ मार्च, शनिवार

समता आली. तिला सगळं माझ्या तोंडाने सांगितलं. ती म्हणाली, बाबा, होते असं कधी कधी. पहिल्यासारखं झालं.

रात्री ९. वरचं सकाळी सहाला लिहून ठेवलं होतं.

समता अकराच्या गाडीने आली. आधी हातपाय धुतले, चपला फाटकाबाहेर. मग त्याच्याजवळ बसली. बरगड्या दिसतात त्याच्या. शेपूट एवढ्या जोराने हलवली की तोलच गेला, पडला. ती हसली नाही. मला म्हणाली, जुनं कार्ड द्या. दिलं. पुष्कळ वेळ पाहत बसली. मी म्हटलं, समता, मी सांगणारच होतो. ती म्हणाली, बाबा, दहा तारखेले तुमी हा फोटो पाठवला न, मी होस्टेलमधल्या साऱ्या पोरींले दाखवला. म्हटलं, पाहा माह्या बाबाचं अक्षर.

एवढंच म्हणाली. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. उत्तरं असतात माझ्याकडे.

रात्री तिनं आईला औषधाच्या वेळा समजावून सांगितल्या. मी तिथेच पेन घेऊन बसलो होतो. बेबीने कॅलेंडरवर कोळशासारख्या जाड पेन्सिलीने खुणा केल्या. वाकड्यातिकड्या. रकाना सुद्धा नाही.

३ मार्च, सोमवार. रात्री ८

समताचा फोन आला. पाच मिनिटं बोललो.

ही ओळही सकाळची आहे. सवय जायला वेळ लागेल.

समता दुपारच्या गाडीने गेली. मी साडेसातपासून मोबाइल पुसून समोर ठेवला होता. चार्जिंग पूर्ण, रेंज पूर्ण. आठला फोन वाजला. बेबीचा. स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू आला. हाव, खाल्लं. दोन चमचे. नाही नाही, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. औषध दिलं. हाव, संडासही पाह्यली, बरी हाय. मग जरा थांबून म्हणाली, बाबा इथंच हायत, देऊ का?

तिकडचं ऐकू आलं नाही. बेबी म्हणाली, बरं, ठेव मग.

ती बाहेर आली आणि कॅलेंडरवर आजच्या तारखेला खूण केली. झाल्यावर.

डाळ्या माझ्या पायावर येऊन बसला आहे. तोंड उजव्या अंगठ्यावर. लाळ बोटांच्या मधून खाली गळते आहे. किळसवाणं आहे. पुसायचं तर पाय हलवावा लागेल, आणि त्याला आत्ताच डोळा लागला आहे.

उद्याचं पान उघडून पाहिलं. अळी आहे फक्त. पेनाला टोपण लावलं.